संगणकाची घरघर आणि कारकुनाचे कान

गिरणगावातील साचेखात्यात आठ तास उभा राहणारा कामगार घरी आल्यावरही मोठ्याने बोले आणि घरची माणसे त्याच्याशी मोठ्याने बोलत. याचे कारण चाळीतल्या कोणाला समजावून सांगावे लागत नसे. साच्यांचा खडखडाट १०० डेसिबलच्या आसपास असे. खात्यात संभाषण खुणांनी चाले. आणि वर्षानुवर्षे तेथे काढली की कान जात. कामगार चळवळीने या बहिरेपणाकडे द्यावे तेवढे लक्ष दिले, असे म्हणता येणार नाही. पगार, बोनस आणि बदली कामगारांचा प्रश्न यांतच तिची बहुतेक शक्ती खर्च झाली. तरीही १९४८ च्या कारखाना कायद्याच्या अनुसूचीत आवाजाने येणारा बहिरेपणा हा नोंदवण्याजोगा व्यवसायजन्य रोग म्हणून अखेर दाखल झाला, ही गोष्ट लहान नव्हे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून गेल्या. लोअर परळच्या त्याच आवारांतून आज कचेऱ्या थाटल्या आहेत आणि साचेवाल्याचा नातू तेथे संगणकासमोर बसतो. त्याच्या पायाशी किंवा मेजावर एक लोखंडी पेटी असते, लोक तिलाच ‘सीपीयू’ म्हणतात, आणि ती दिवसभर घरघरत असते.

या घरघरीचा प्रश्न सभेत काढला की पहिली प्रतिक्रिया हसण्याची होते. ज्या राज्यात शेतमजुराच्या हाती किमान वेतन पडत नाही, तेथे पंख्याच्या कुरकुरीची तक्रार म्हणजे पांढरपेशांचे चोचले, असे जुन्या कार्यकर्त्यांना वाटते. वस्तुतः संगणकासमोर बसणारा माणूस आज पांढरपेशा या शब्दाच्या जुन्या अर्थाने पांढरपेशा राहिलेलाच नाही. सातबाऱ्याचे उतारे काढून देणारा कंत्राटी ऑपरेटर, जिल्हा सहकारी बँकेच्या शाखेतील कारकून, सरकारी रुग्णालयात केसपेपर नोंदवणारी मुलगी, लग्नपत्रिका आणि निवडणुकीची पत्रके जुळवणारा डीटीपीवाला, शाळेच्या संगणक कक्षातील तासिका तत्त्वावरचा शिक्षक, यांपैकी कोणाची मिळकत चोचले पुरवण्याजोगी आहे? यंत्र निवडण्याचा अधिकार यांतल्या बहुतेकांना नसतो. जे यंत्र दिले असेल त्याच्याजवळ आठ ते दहा तास बसणे एवढेच त्यांच्या हाती असते.

साच्याचा आवाज आणि संगणकाचा आवाज यांची तुलना होऊ शकत नाही, हे आधीच मान्य केलेले बरे. चांगल्या स्थितीतील पेटीचा आवाज बसणाऱ्याच्या कानाशी ३० डेसिबलच्या आसपास असतो. बिघडलेल्या पेटीचा ४५ च्या वर जातो. याने कोणी बहिरे होत नाही. कारखान्यांसाठी रूढ झालेली आठ तासांना ९० डेसिबल ही मर्यादा यापासून फार दूर आहे. मालक आणि त्यांचे तज्ज्ञ नेमका हाच आकडा पुढे करतात. परंतु ९० ची मर्यादा ठरली ती कान शाबूत राहावेत म्हणून. मन एकाग्र राहावे, थकवा येऊ नये, समोरच्याचे बोलणे कळावे, यांसाठी ती कधीच नव्हती. आकडे जुळवणे आणि नावे तपासणे ज्याचे काम आहे, त्याला कानांइतकीच लक्षाचीही गरज असते, आणि लक्षाचे नुकसान फार खालच्या पातळीवर सुरू होते.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या गॅरी इव्हान्स आणि डॅना जॉन्सन यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात मननीय आहे. कारकुनी काम करणाऱ्या ४० स्त्रियांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाने शांततेत काम केले. दुसऱ्या गटाला तीन तास उघड्या कचेरीत असतो तसा हलका आवाज ऐकवला. आवाजातील गटाच्या लघवीत एपिनेफ्रिन या ताणाशी निगडित द्रव्याचे प्रमाण वाढले. नंतर न सुटणारी कोडी दिली तेव्हा या स्त्रियांनी ती सोडवण्याचा प्रयत्न लवकर सोडून दिला. आणखी एक गोष्ट अशी की, काम करताना बसण्याची ठेवण त्या शांत गटापेक्षा कमी वेळा बदलत होत्या, म्हणजे एकाच अवस्थेत आखडून बसत होत्या; पाठ आणि मान यांच्या दुखण्याची सुरुवात अशाच बसण्यातून होते. सर्वांत बोलकी गोष्ट पुढची. तुम्हाला ताण जाणवला का, या प्रश्नाला दोन्ही गटांनी सारखेच उत्तर दिले. जागा गोंगाटाची आहे हे कळत होते, पण आपल्याला काही होते आहे हे कळत नव्हते. ‘आमच्याकडे कोणी तक्रार केलेली नाही’ असे उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्याने हा निष्कर्ष दोनदा वाचावा.

आता हा आवाज येतो कोठून, ते पाहू. संगणकाची पेटी बंद असल्यामुळे तिच्यातील घरघर हे एक गूढच आहे, अशी अनेकांची समजूत असते. खरे पाहता आत हलणाऱ्या वस्तू दोनच प्रकारच्या आहेत: पंखे आणि जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क. पंखा प्रोसेसरवर असतो, विजेच्या डब्यात म्हणजे एसएमपीएसमध्ये असतो, पेटीच्या मागच्या बाजूला असतो, आणि चित्रांची कामे होतात तेथे ग्राफिक्स कार्डावरही असतो. हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. त्यामुळे तिची गुणगुण खालच्या सुरात असते. डिस्क पत्र्याला घट्ट आवळलेली असली की सगळी पेटी तिच्याबरोबर घुमते आणि पेटी पोकळ लाकडी मेजावर असली तर मेजही साथ धरते. तिसरा आवाज हलणाऱ्या वस्तूचा नसतो. विजेच्या मंडलातील वेटोळी प्रवाहाच्या बदलांबरोबर कंप पावतात आणि डासासारखी बारीक किणकिण करतात. तरुण कानांना ती ऐकू येते, साठीच्या कानांना बहुधा येत नाही. म्हणून साहेबाचा आपल्या ऑपरेटरच्या तक्रारीवर विश्वास बसत नाही.

आवाज ओळखता आला की निम्मे काम झाले. कागदाची लांब गुंडाळी करून एक टोक कानाला आणि दुसरे पेटीच्या वेगवेगळ्या भागांजवळ धरले, तर कोणता पंखा बोलतो ते कोणालाही कळते. सळसळ वाऱ्याची असते. खरखर बेअरिंगची असते; स्वस्त पंख्यांत साध्या नळीचे बेअरिंग असते, त्यातले तेल उष्णतेने सुकते आणि मग दांडा नळीत खडखडतो. यंत्र सुरू होताना मोठा आवाज येऊन पाच मिनिटांनी कमी होत असेल तर ते याच सुकलेल्या बेअरिंगचे लक्षण समजावे. तडतड बहुधा पात्यांना लागणाऱ्या तारेची असते आणि ती तार दोऱ्याने बांधली की संपते. हार्ड डिस्कचा खटखट आवाज नव्याने सुरू झाला असेल तर मात्र प्रश्न शांततेचा राहत नाही. त्या दिवशीच महत्त्वाच्या नोंदींची प्रत काढून ठेवली पाहिजे.

आपल्या हवामानात यांहून मोठे कारण धूळ हेच आहे. प्रोसेसरवर बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांमधून हवा जाते आणि उष्णता घेऊन बाहेर पडते. या पत्र्यांत वर्षभरात धुळीचा आणि कापसाच्या तंतूंचा नमदा बसतो. हवा अडते, प्रोसेसर तापतो, यंत्रातील तापमापक पंख्याला वेग वाढवायला सांगतो. पंखा वेगाने फिरू लागला की आणखी धूळ ओढतो. आवाज हा येथे तापाच्या रोग्याच्या कण्हण्यासारखा असतो. अशा वेळी कण्हणे बंद करण्यासाठी पेटीवर रुमाल टाकणारे किंवा ती मेजाच्या बंद कप्प्यात ढकलणारे लोक कमी नाहीत. त्याने उष्णता कोंडते आणि आवाज दुपटीने परत येतो.

पंख्याच्या आवाजाचे गणित मोठे मनोरंजक आहे आणि त्यात अर्थशास्त्रही दडलेले आहे. पंखा ढकलतो ती हवा वेगाच्या प्रमाणात वाढते. आवाजाची शक्ती मात्र साधारणपणे वेगाच्या पाचव्या घातात वाढते. वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. डेसिबलचे माप लॉगॅरिथमचे असल्यामुळे १० डेसिबलचा उतार कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो, हे लक्षात घेतले म्हणजे १५ चे मोल कळेल. म्हणूनच ८० मिलिमीटरचा छोटा पंखा गरगरा फिरवण्याऐवजी १२० मिलिमीटरचा मोठा पंखा संथ फिरवला, तर तेवढीच हवा मिळून आवाज १० डेसिबलहून अधिक खाली येऊ शकतो. मोठ्या पंख्याला काही शे रुपये पडतात. पेटी थोडी रुंद लागते, पत्रा थोडा जाड लागतो. शांतता महाग आहे असे जे सांगितले जाते, ते एवढ्या रकमेबद्दल सांगितले जाते!

याच गणिताचा दुसरा उपयोग करून पाहण्यासारखा आहे. एकाच कंपनीची, एकाच दिवशी घेतलेली दोन यंत्रे आहेत असे समजू. एक साहेबाच्या वातानुकूलित खोलीत २४ अंशांवर, दुसरे चंद्रपूरच्या किंवा अकोल्याच्या मे महिन्यात हॉलमध्ये ३८ अंशांवर. दोन्हींतील भाग ७० अंशांवर ठेवायचे आहेत. पहिल्याला हवेशी ४६ अंशांचा फरक मिळतो, दुसऱ्याला ३२ चा. तेवढीच उष्णता बाहेर टाकायला दुसऱ्याच्या पंख्याला निदान दीडपटीच्या आसपास वेग लागतो, आणि त्याबरोबर आवाज निदान ८ डेसिबलने चढतो. साहेब म्हणतो, ‘माझ्या यंत्राचा तर आवाज येत नाही.’ तो खोटे बोलत नसतो. त्याच्या खोलीतील थंडावा यंत्रालाही मिळतो आणि हॉलमधील उकाडा यंत्रालाही सोसावा लागतो, एवढाच त्याचा अर्थ. कारकुनाला मात्र उकाडा आणि घरघर दोन्ही एकदम मिळतात.

संगणक मुळात असा गोंगाटी नव्हता. १९८९ मध्ये आलेल्या ४८६ जातीच्या सुरुवातीच्या प्रोसेसरला स्वतंत्र पंख्याची गरज सहसा पडत नसे. १९९३ मध्ये पेंटियम आला आणि प्रोसेसरवर पंखा बसवणे हळूहळू नित्याचे झाले. पुढची दहा वर्षे कंपन्यांनी मेगाहर्ट्झ आणि गिगाहर्ट्झच्या आकड्यांवर बाजार चालवला. ग्राहकाला दाखवायला एक आकडा हवा होता आणि तो वाढवण्यासाठी वाटेल तेवढी वीज जाळण्याची तयारी होती. २००४ च्या सुरुवातीला इंटेलने आणलेल्या पेंटियम ४ च्या प्रेस्कॉट आवृत्तीचे काही नमुने १०० वॅटच्या वर उष्णता टाकू लागले, म्हणजे नखाएवढ्या सिलिकॉनमध्ये एका मोठ्या दिव्याची आच. त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीला त्या मार्गावरील पुढचा प्रोसेसर रद्द करावा लागला आणि वेगाऐवजी अधिक गाभ्यांकडे वळावे लागले. तोपर्यंतच्या वर्षांत जगभरच्या कचेऱ्यांतून छोट्या, वेगवान, किंचाळणाऱ्या पंख्यांची पैदास झाली होती. ही किंमत जाहिरातीत कोठेच छापली जात नव्हती. ती कंपनीच्या हिशेबात नव्हती आणि कचेरीच्या हिशेबातही नव्हती. बसणाऱ्याच्या कानांवर ती परस्पर खर्ची पडत होती.

अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात आणि योगायोग असा की, या विषयावरील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आवाजाचेच आहे. रोनाल्ड कोस यांनी १९६० साली लिहिलेल्या ‘सामाजिक खर्चाचा प्रश्न’ या निबंधात लंडनमधील १८७९ चा एक खटला घेतला आहे. एका मिठाईवाल्याचे खलबत्ते अनेक वर्षे चालू होते. शेजारच्या डॉक्टरने बागेच्या टोकाला भिंतीला लागून तपासणीची खोली बांधली आणि खलबत्त्यांच्या आवाजात रोग्याच्या छातीचे ठोके ऐकू येईनात, म्हणून तो न्यायालयात गेला. निकाल डॉक्टरच्या बाजूने लागला. कोस यांचे म्हणणे असे की, सौदा करायला खर्च येत नसेल तर निकाल कोणाच्याही बाजूने लागो, दोघे परस्परांत पैशाची देवघेव करून अधिक मोलाचे काम चालू ठेवतील. सौद्याला प्रत्यक्षात खर्च येतो, हे कोस यांनी स्वतःच आवर्जून सांगितले होते. त्यांच्या नावाने बाजाराची आरती ओवाळणाऱ्यांनी तेवढेच नेमके गाळले. मिठाईवाला आणि डॉक्टर दोघेही आपापल्या जागेचे धनी होते. कंत्राटी ऑपरेटर आणि खरेदी विभाग यांच्यात असा सौदा कल्पनेतही होऊ शकत नाही. ऑपरेटरला निविदेचा कागद दिसत नाही आणि खरेदी विभागाला आवाज ऐकू येत नाही. निविदा सर्वांत कमी दराला जाते. प्रोसेसरचा वेग, स्मृती आणि डिस्कची क्षमता एवढे तपशील त्यात असतात. ज्या गुणाचा रकाना नाही तो गुण पुरवठादार प्रथम कापतो. पाच रुपये वाचवण्यासाठी बेअरिंग हलके होते, पत्रा पातळ होतो, रबराच्या चकत्या गळतात.

वैयक्तिक उपाय येथे का चालत नाहीत, याचेही साधे गणित आहे. एका खोलीत सारखाच आवाज करणारी २० यंत्रे असली तर एकूण आवाजाची शक्ती एका यंत्राच्या २० पट, म्हणजे १३ डेसिबलने अधिक होते. आता त्यांतील एकाने पदरचे पैसे घालून आपले यंत्र पूर्ण मुके केले, तर खोलीचा आवाज किती उतरेल? पाव डेसिबलसुद्धा नाही. त्याच्या कानाजवळची घरघर थांबेल हे खरे, परंतु खोलीची घोंघावणी कोणाच्याही लक्षात येण्याइतकी बदलणार नाही आणि त्याचे अनुकरण करण्याची प्रेरणा दुसऱ्याला होणार नाही. वीसच्या वीस यंत्रांचा आवाज निम्म्या वेगावर आणला तर मात्र खोली ओळखू येणार नाही. सार्वजनिक हिताच्या वस्तू एकट्याने विकत घेता येत नाहीत, हे पाठ्यपुस्तकातील प्रमेय इतक्या स्वच्छपणे सिद्ध झालेले क्वचित पाहायला मिळते. याला एक अपवाद आहे: २० पैकी एखादे यंत्र इतरांपेक्षा १५ डेसिबलने अधिक ओरडत असेल, तर खोलीतील बहुतेक आवाज त्या एकट्याचाच असतो. म्हणून सुरुवात नेहमी सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्या यंत्रापासून करावी.

कानात बोळे घाला, कानावर हेडफोन चढवा, हा सल्ला सध्या सर्रास दिला जातो. मालकाच्या यंत्राचा दोष कामगाराच्या अंगावर बांधण्याची ही जुनीच रीत आहे. टेलिफोनवर ग्राहकांशी बोलणाऱ्याला, खिडकीवर नाव विचारून घेणाऱ्याला आणि वर्गात शिकवणाऱ्याला तर ती शक्यच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत वर्ग चालू असताना पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलपेक्षा अधिक नसावा असे म्हटले आहे. २५-३० जुनी यंत्रे चालू असलेला शाळेतील संगणक कक्ष या मर्यादेच्या आसपासही असणे कठीण. शिक्षक नकळत आवाज चढवतो, मागच्या बाकावरील मुलाला तरीही निम्मेच ऐकू येते, आणि वर्षअखेरीस शिक्षकाचा घसा बसतो. हे नुकसान कोणत्या खात्यावर मांडायचे?

संघटितपणे मागणी केली तर काय घडते, याची दोन उदाहरणे बाहेरच्या देशांतून घेता येतील. २००२ मध्ये ॲपल कंपनीने काढलेल्या पॉवर मॅक जी४ च्या एका आवृत्तीचे पंखे इतके गर्जत की, वापरणाऱ्यांनी तिचे नाव ‘वाऱ्याचा बोगदा’ ठेवले. ग्राहकांनी एकत्र येऊन तक्रारींचा धोशा लावला, आणि २००३ मध्ये कंपनीने कमी आवाजाचा पंखा व विजेचा डबा बदलून देण्याची योजना जाहीर केली. तीही पाठवणावळीचे सुमारे २० डॉलर उकळून. याच कंपनीने १९८० मध्ये ॲपल ३ हे यंत्र मुद्दाम बिनपंख्याचे काढले होते. स्टीव्ह जॉब्ज यांचा तसा आग्रह होता. ते यंत्र तापू लागले आणि बदनाम झाले. शांततेची हौस अभियांत्रिकीच्या विरोधात गेली तर काय होते, हे त्या प्रकरणात दिसले. पंखे उपटून टाकणाऱ्या उत्साही मंडळींनी ते ध्यानात ठेवावे.

दुसरे उदाहरण चळवळीच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. स्वीडनमधील पगारदार कर्मचाऱ्यांच्या टीसीओ या मध्यवर्ती कामगार संघटनेने १९९२ मध्ये संगणकाच्या पडद्यांसाठी स्वतःचे मानक आणि प्रमाणचिन्ह काढले. ज्या पडद्याचे प्रारण आणि वीजवापर ठरावीक मर्यादेत असेल त्यालाच हे चिन्ह मिळे. पुढे संगणकाची पेटीही या निकषांखाली आली आणि आवाजालाही त्यांत जागा मिळाली. कामगार संघटनेने यंत्राची परीक्षा घ्यावी आणि आशियातील कारखानदारांनी त्या परीक्षेत उतरण्यासाठी आपला माल सुधारावा, ही गोष्ट आपल्याकडील किती संघटनांना ठाऊक आहे? त्याच सुमारास, २९ मे १९९० रोजी, युरोपीय समुदायाने पडद्यासमोरील कामासंबंधी ९०/२७० क्रमांकाचा निर्देश काढला. कामाची जागा सजवताना यंत्रांच्या आवाजाचा विचार झाला पाहिजे, त्याने लक्ष विचलित होता कामा नये आणि बोलण्यात अडथळा येता कामा नये, असे त्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिले आहे. तेथे डेसिबलचा आकडा दिलेला नाही. कसोटी लक्ष आणि बोलणे यांची आहे, आणि ती अधिक शहाणपणाची आहे.

आपल्याकडे काय आहे? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५, शांतता क्षेत्रासाठी ५० आणि ४० डेसिबल अशा मर्यादा आहेत. परंतु त्या परिसराच्या आहेत, कचेरीच्या चार भिंतींच्या आतल्या नव्हेत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात स्वच्छता, उजेड, वायुवीजन आणि आगीपासून संरक्षण यांचा उल्लेख आहे, आवाजाचा नाही. संगणकांना २०१२ च्या आदेशाने सक्तीची नोंदणी लागू झाली ती विजेच्या धक्क्यापासून आणि आगीपासून सुरक्षिततेसाठी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९६४ चा व्यापार व कचेऱ्यांतील आरोग्यविषयक करार, क्रमांक १२०, आवाज आणि कंप शक्य तितके कमी करण्यास सांगतो. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही.

बँक कर्मचाऱ्यांच्या चळवळीचा येथे उल्लेख करणे भाग आहे, कारण संगणकाशी पहिला मोठा सामना या देशात तिने आणि आयुर्विम्याच्या कर्मचाऱ्यांनी केला. ८ सप्टेंबर १९८३ च्या आणि २९ ऑक्टोबर १९९३ च्या करारांत यंत्रे किती, कोठे आणि कोणत्या अटींवर येणार यावर घासाघीस झाली. यंत्र चालवणाऱ्यांना विशेष भत्ता मिळाला. नोकऱ्या वाचवण्याच्या त्या लढाईचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि भत्ता मिळाला म्हणजे यंत्राबद्दल बोलायचे काही उरले नाही, असा एक समज त्यातून रुजला. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरांची करकर शाखाशाखांतून वर्षानुवर्षे चालली आणि तिच्यावर आवरण घालावे, एवढी मागणीही फारशी पुढे आली नाही. त्रासाची रोख भरपाई घेतली की त्रास निमूटपणे सोसायचा, हा व्यवहार कामगारालाच महागात पडतो. भत्ता महागाईत वितळतो, घरघर चालूच राहते.

मागण्या अवघड नाहीत. बहुतेक कचेऱ्यांत यंत्रांच्या वार्षिक देखभालीचा करार असतो आणि त्यात ‘यंत्र चालू स्थितीत ठेवणे’ एवढेच लिहिलेले असते. वर्षातून दोनदा, त्यातील एकदा मार्चअखेरीस उन्हाळ्यापूर्वी, पेटी उघडून ब्लोअरने धूळ काढणे, प्रोसेसरवरील वाळलेली थर्मल पेस्ट बदलणे आणि खरखरणारा पंखा नवा बसवणे, हे कलम त्यात घालून घेता येते. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावी लागतात, नाहीतर वाऱ्याने ती अतोनात वेगाने फिरून बेअरिंग जाते. कंत्राटदाराची पोरे घाईत हे करीत नाहीत, म्हणून एका कर्मचाऱ्याने शेजारी उभे राहावे. एसएमपीएसचा डबा मात्र कोणी हौसेने उघडू नये. वायर काढल्यावरही त्यात जीवघेणा विद्युतभार साठलेला असू शकतो. तो आवाज करीत असेल तर सबंध बदलावा. जुन्या यंत्रांत हार्ड डिस्कऐवजी न फिरणारी सॉलिड स्टेट डिस्क बसवली तर एक आवाज मुळातूनच नाहीसा होतो आणि यंत्राचा वेगही वाढतो, म्हणजे सबंध यंत्र भंगारात काढून नवे घेण्याची कंत्राटदाराची सूचना पुष्कळदा अनावश्यक ठरते. पेटी जमिनीवरून वीतभर वर, भिंतीपासून चार बोटे दूर आणि मेजाच्या कप्प्याबाहेर असावी, यासाठी तर खर्चही लागत नाही.

नव्या खरेदीच्या वेळी निविदेत एक ओळ वाढवावी लागेल: यंत्र रिकामे असताना आणि कामात असताना होणारा आवाज आयएसओ ७७७९ या पद्धतीने मोजून आयएसओ ९२९६ प्रमाणे लेखी जाहीर करावा. ही मानके जुनी आहेत, मोठ्या कंपन्या युरोपातील ग्राहकांना हे आकडे नित्य देतात. मागितले तर येथेही देतील. आकडा कधी ‘बेल’मध्ये दिलेला असतो, तेव्हा ४ बेल म्हणजे ४० डेसिबल एवढे समजून घ्यावे, आणि तो यंत्राच्या एकूण ध्वनिशक्तीचा असतो, कानाशी मोजलेल्या पातळीचा नव्हे, हेही. दोन कंपन्यांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच प्रकारचे आहेत ना, हे पाहिल्याशिवाय विक्रेत्याच्या तक्त्यावर विश्वास ठेवू नये. संघटनेच्या शाखेने जेवणाच्या सुटीत सर्व यंत्रे एकामागून एक बंद करून कोणत्या यंत्रानंतर खोली हलकी होते, याची यादी केली आणि ती मेजाच्या क्रमांकासह खरेदी विभागाला दिली, तर ‘तक्रार आलेली नाही’ हे उत्तर पुढच्या बैठकीत देता येणार नाही.